सात नंबरची भट्टी

कारखान्यात तिला सगळे भट्टीबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला थंडोबा. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण दोघांनाही ही नावं ठाऊक होती, आणि आपलं सोडून दुसऱ्याचं नाव अगदी चपखल आहे असं दोघांनाही वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ज्या थोड्या गोष्टींवर त्यांचं एकमत उरलं होतं, त्यांतली ही एक.

ती ज्या खात्याची प्रमुख होती तिथे घड्याळांची काळजं तयार होत. मनगटावरच्या घड्याळांची नव्हेत. टेलिफोनच्या मनोऱ्यांत बसतात त्या घड्याळांची, ज्यांना सेकंदाच्या कोट्यंशाची चूकही खपत नाही. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी पत्र्याची पेटी, आणि तिच्या पोटात गारगोटीची एक पातळ चकती. वीज दिली की चकती थरथरते, आणि त्या थरथरण्यावर वेळ मोजायची. पण चकती मोठी लहरी. जरा ऊन-सावली झाली की तिचा ताल बिघडतो. म्हणून तिला कायमची तापवूनच ठेवायची, भर उन्हाळ्यातही बाहेर नसेल इतकी, म्हणजे बाहेर जगाला घाम येवो की हुडहुडी भरो, हिला पत्ता लागायला नको. नाव गारगोटी, आणि नशिबात जन्मभर भट्टी.

त्यातही गंमत अशी की प्रत्येक चकतीला आपला एक आकडा असतो. त्या तापमानाला तिला नेलं, की मग किंचित इकडेतिकडे झालं तरी ती ताल सोडत नाही. खात्यात या आकड्याला ‘वळण’ म्हणत. एकीचं वळण ऐंशीला, दुसरीचं पंच्याऐंशीला. ते शोधून काढायचं, आणि पेटीतल्या इवल्याशा हीटरला तिथंच धरून ठेवायचं, हे भट्टीबाईचं काम. अजून एकाही चकतीने वळण लावून घ्यायला नकार दिला नव्हता. घरातल्या माणसाबद्दल तिला असं म्हणता आलं नसतं.

घरातला माणूस त्याच इमारतीत गारवा खेळवण्याच्या कामावर होता. गच्चीवरची थंड हवेची यंत्रं, भिंतींच्या पोटातून जाणारे पत्र्याचे बोगदे, प्रत्येक खोलीच्या छतापाशी असलेली जाळी, हा सगळा थंडोबाचा संसार. म्हणजे नवऱ्याने थंड करायचं आणि बायकोने तापवायचं, आणि दोघांनी संध्याकाळी एकाच घरी जायचं. घरी ती पांघरूण ओढून घेई आणि तो खिडकी उघडून ठेवी. सासूबाई या दोघांच्या शेजारच्या खोलीत झोपत आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं सांगत. ज्या दिवशी ऐकण्यासारखं भांडण असे, त्या दिवशी मात्र त्यांचे कान लख्ख उघडत.

तयार झालेल्या पेट्या मनोऱ्यांकडे पाठवण्याआधी एका बंद खोलीत रॅकवर मांडून ठेवत. दारावर पाटी होती: ‘ओव्हन कक्ष’. त्या तापत्या पेटीला साऱ्या जगात ओव्हनच म्हणतात, त्याला तिचा इलाज नव्हता. या खोलीत कुणीही यायचं नाही असा भट्टीबाईचा कडक नियम होता. माणूस म्हटलं की अंगाची ऊब आली, आणि तिला तीही नको होती. चाचणी चालू असताना ती स्वतःसुद्धा आत जात नसे. शेजारच्या खोलीत, मधल्या काचेकडे पाठ करून, पडद्यासमोर बसून बारा पेट्यांच्या बारा रेघा बघत राही. रेघ सरळ तर पेटी चांगली, रेघ डुलली तर पेटी वाईट. आत जायची परवानगी एकट्या थंडोबाला होती, तीही जाळी पुसण्यापुरती, रोज सकाळी, ती कामावर यायच्या आधी.

त्या वर्षी रेघा डुलत होत्या. मनोरेवाल्या कंपनीने एक सबंध खेप परत पाठवली होती. मुख्य कचेरीतून निरोप आला की कंपनीचा तपासनीस येऊन एक नमुना तपासेल. नमुना कसोटीला उतरला तर ठीक, नाहीतर हे खातं इथून उचलून मोठ्या कारखान्यात हलवायचं, दुसऱ्या शहरात, आणि भट्टीबाईने खात्याबरोबर जायचं. थंडोबाची यंत्रं गच्चीला बोल्टांनी जखडलेली, ती काही जाणार नव्हती. सासूबाई तर शेजारच्या गल्लीतही जायला तयार नसत. म्हणजे तिने तिकडे एक खोली घ्यायची, एकटीने रांधायचं, एकटीने जेवायचं. खोलीत रात्री हवं तेवढं गरम ठेवता येईल, कुणी खिडकी उघडणार नाही, हे ती स्वतःला पुनःपुन्हा सांगत होती. त्यात आनंद काही होत नव्हता. भांडायला हक्काचं माणूस परगावी कुठून मिळायचं?

बारांतली एकच पेटी जरा आशा लावत होती. सात नंबर. बाकीच्या अकरा सकाळपासून डुलत. सात नंबरची रेघ मात्र सकाळभर अशी सरळ की पट्टी लावून ओढावी. आणि दुपारी जेवणाची सुट्टी झाली की तिच्याही अंगात यायचं. मग संध्याकाळपर्यंत ती बाकीच्यांच्या पंगतीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साधी सरळ, जणू त्या गावचीच नाही.

भट्टीबाईने संध्याकाळी चाचणी थांबवून हीटर बदलून पाहिला, तारा बदलल्या, चकतीचं वळण पुन्हा काढलं. शेवटी तिने ठरवलं की हा सगळा थंडोबाच्या यंत्रांचा प्रताप. घरी जेवताना तिने त्याला सरळच विचारलं, दुपारी जेवून उठल्यावर तुम्ही नेमकं काय करता? तो म्हणाला, काही नाही, तोंड धुतो. ती म्हणाली, तुम्ही जेवलात की माझी सात नंबर बिघडते. तो म्हणाला, माझ्या जेवणावरही आता तुझा डोळा? सासूबाईंनी लेकाला वाढता वाढता मध्येच सांगितलं की जेवणाबद्दल हल्ली त्याची तक्रार नाही. पूर्वी डबा गार होतो म्हणून रोज कुरकुरायचा, अलीकडे गप्प असतो, देवालाच ठाऊक कसा सुधारला. थंडोबाला त्याच वेळी जोराचा ठसका लागला. भट्टीबाईने पाण्याचा पेला पुढे केला आणि भांडण तिथून पुढे चालू ठेवलं. एवढी हुशार बाई, पण आपल्या ताटातलं तिला दिसलं नाही.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी ती भल्या सकाळी, नवऱ्याच्याही आधी, देवळात जाऊन येते म्हणून घरून निघाली. स्वतःचाच नियम मोडून ओव्हन कक्षात शिरली आणि रॅकच्या मागे स्टूल टाकून बसली. आपली ऊब कमी पसरावी म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होती. जाळीतून गार वारा सुटला की रॅकवरच्या साऱ्या फळ्यांना, सात नंबर होती त्या वरच्या फळीलाही, तो नेमका लागतो हे तिच्या मानेला कळलं. नवऱ्याला रंगेहाथ पकडायचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

दार हळूच उघडलं. थंडोबा आत आला, एका हातात जाळी पुसायचं फडकं आणि दुसऱ्या हातात त्याचा चौकोनी स्टीलचा डबा. फडकं त्याने खिशात घातलं. मग झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशा बेताने तो डबा सात नंबरच्या पेटीवर ठेवला, किंचित सरकवून नीट बसवला, आणि वळला तो समोर बायको.

"हे काय?" तिने विचारलं.

त्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डबा," तो म्हणाला.

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"दारावर ओव्हन लिहिलंय."

"किती वर्षं सांगतेय मी तुम्हाला, हे तसलं ओव्हन नाही."

"तसलं नाहीच," तो खिन्नपणे म्हणाला. "चार तास ठेवला तरी कोमटच होतो."

पुढचं बोलणं इथे देण्यात अर्थ नाही, कारण ते एकटी तीच बोलली. तिच्यावर परक्या गावी जायची वेळ आलीय, मुख्य कचेरी हसतेय, गिऱ्हाईक खेपा परत करतंय, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा, घरातलाच माणूस तिच्या पेटीच्या डोक्यावर जेवण ठेवतोय! थंडोबाने कानशील लाल होईपर्यंत ऐकून घेतलं. मग डबा उचलला, फडकं न वापरताच निघून गेला.

ती विजयी मुद्रेने पडद्यासमोर येऊन बसली. आता डबा गेला, आता सात नंबर दिवसभर सरळ. चहा मागवला. चहा यायच्या आत सात नंबर डुलू लागली. सकाळीसुद्धा. बाकीच्या अकरांसारखीच.

आता भट्टीबाईच्या लक्षात आलं. डब्याने पेटी बिघडत नव्हती. डब्यानेच ती सुधारत होती. जाळीतून येणारा वारा पेटीच्या एका अंगाला लागायचा, मग आतला हीटर गडबडून जास्त तापवायचा, वारा थांबला की उगाच तापवलं म्हणून आवरतं घ्यायचा, आणि या धावपळीत चकतीचा ताल जायचा. डबा ठेवला की वारा डब्याला लागायचा. दुपारी ती जेवायला गेली की थंडोबा गुपचूप डबा नेई, आणि सात नंबर उघडी पडे. एवढा साधा हिशेब. तिचं म्हणणं बरोबर होतं, वारा नवऱ्याचाच होता. आणि वाऱ्यावरचा उपायही नवऱ्याचाच निघावा, हे जास्त लागलं.

पण तिच्याने एवढ्यात हार मानवेना. पुठ्ठ्याचं खोकं आणून तिने सात नंबर चारही बाजूंनी झाकून टाकली. रेघ सरळ झाली, आणि मग सरळच वर चढायला लागली. आतली ऊब बाहेर जायला वाटच उरली नाही. हीटरने हळूहळू तापवणं कमी केलं, मग बंदच केलं, तरी आतल्या बाकीच्या विजेच्या उबेने पेटी तापतच राहिली. हीटरच्या हाती फक्त तापवणं असतं, गार करणं नसतं. बाहेर थोडा गारवा असेल तरच त्याचा तापवण्यावर ताबा. ही गोष्ट तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवली होती, ती तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि त्यानंतर तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. खोकं काढून तिने सामानाच्या खोलीतला एक रिकामा स्टीलचा डबा ठेवून पाहिला. रेघ थोडी सावरली, पण भरल्या डब्याची सर रिकाम्याला कुठून येणार. रिकामा डबा वाऱ्याबरोबर लगेच गार होतो, भरलेला आपला ठाम.

संध्याकाळी घरी भांडण झालं नाही. सासूबाईंनाही चुकल्यासारखं झालं. त्या दोनदा येऊन बघून गेल्या आणि आज काय तुमची सुट्टी आहे का म्हणाल्या. जेवणं झाल्यावर थंडोबा भांडी पुसत होता. पुसता पुसता त्याने विचारलं, "तिकडे खोली घ्यावी लागेल ना?"

"हो."

"मोठ्या खिडकीची घेऊ नकोस. तुला बाधते."

तिला एकदम भरून आलं. ज्या माणसाने आजवर एक रात्र खिडकी लावू दिली नाही, त्याला हे ठाऊक होतं तर. खूप काही बोलावंसं वाटलं, पण त्यांच्यात तशी रीत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "उद्या तुमचा डबा लागेल मला. भरलेला."

तो हातातली ताटली पुसतच राहिला. मग म्हणाला, "आणि मी काय खाऊ?" याचा अर्थ हो असा होतो, हे तिला सवयीने कळलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. सडपातळ, काटेकोर गृहस्थ, आणि नाक सर्दीने पार चोंदलेलं. त्यांच्याबरोबर कारखान्याचे साहेब हात चोळत. साहेबांनी काचेतून सात नंबरवरचा डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी भट्टीबाईला बाजूला घेऊन सांगितलं की पाहुण्यांसमोर शोभा नको, तो डबा आधी हलवा. ती म्हणाली, डबा हलला तर खातं हललं. साहेबांनी मग निदान त्यावर स्वच्छ रुमाल टाकू का, असं विचारलं. तिने त्यालाही नकार दिला.

सगळे पडद्यासमोर उभे राहिले. अकरा रेघा डुलत होत्या आणि सात नंबर सरळ. तपासनिसांनी आपलं यंत्र जोडलं, सकाळभर पाहिलं. दुपार झाली. कुणी जेवायला उठलं नाही. सात नंबर हलली नाही. मग तपासनीस शिंकले, रुमाल नाकाला लावला आणि काचेतून बोट दाखवून त्यांनी विचारलं की पेटीवर ते काय आहे.

"माझ्या मिस्टरांचा जेवणाचा डबा," भट्टीबाई म्हणाली. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

तिने काही लपवलं नाही. वारा कसा लागतो, डबा तो कसा अडवतो, पुठ्ठा का चालत नाही आणि रिकामा डबा का पुरत नाही, सगळं सांगितलं. डब्याच्या वजनाचं आणि मापाचं झाकण पेटीवर कायमचं बसवायचं, एवढाच बदल लागेल. तपासनीस ऐकत होते. ते काही हसरे गृहस्थ नव्हते, पण अडाणीही नव्हते.

"वाऱ्याचाच त्रास आहे," ते म्हणाले, "तर या खोलीतली थंड हवा बंद का करत नाही तुम्ही?"

थंडोबा तेवढ्यात दाराशी येऊन उभा राहिला होता, हातात पाना, पोटात भूक. प्रश्न ऐकून त्याने मान खाली घातली. याचं उत्तर तो रोज घरी ऐकत आला होता. आता ते चार लोकांत ऐकायचं होतं.

भट्टीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"बंद करून चालणार नाही," ती म्हणाली. "गार बाहेर असेल तरच मला गरम सांभाळता येतं. यांची हवा थांबली, तर माझ्या हातात काहीच राहणार नाही."

पाना खाली पडल्याचा आवाज झाला. तपासनिसांना त्यात तांत्रिक चूक काही दिसली नाही. त्यांनी मान डोलावली आणि नमुना उतरला म्हणून सांगितलं. साहेबांनी डोळे उघडले. खातं इथंच राहणार होतं.

पण तपासनीस काटेकोर होते ना. नमुना जसा तपासला, तसाच मोहरबंद करायचा, त्यातलं काही काढायचं नाही आणि काही घालायचं नाही, असा त्यांचा नियम. त्यांनी पेटीला आणि डब्याला मिळून तार गुंडाळली, वर लाखेची मोहर दाबली, आणि कंपनीकडून पुढचा निरोप येईपर्यंत हिला हात लावायचा नाही असं बजावलं. डब्यात आहे तरी काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सासूबाईंनी त्या दिवशी नेमके तळलेले मासे दिले होते. साहेबांच्या नाकापर्यंत बातमी पोचली होती, पण मोहर लागलेली पाहून ते गप्पच राहिले. तपासनीस चोंदल्या नाकाने सगळ्यांचे आभार मानून निघून गेले.

सगळे पांगले. थंडोबा मात्र काचेपाशीच उभा होता. मोहर लागलेल्या आपल्या जेवणाकडे पाहत होता, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं. भट्टीबाईने आपला डबा काढला, पडद्यासमोरची तिची खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः स्टूल घेतलं. झाकणात अर्धं काढून त्याच्यापुढे ठेवलं. एकाच इमारतीत इतकी वर्षं काम करून ती दोघं दुपारी एकत्र कधी जेवली नव्हती.

त्याने पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

"गार आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "मला लागतं."

थंडोबाने पुढचा घास घेतला. त्या दुपारी जेवणात त्याने आणखी एकही खोट काढली नाही.